सुरुवातीचा खर्च

विमलताईंना कोणी विचारलं, "हे सुरू करायला साधारण किती खर्च येतो?" तर त्या आधी विचारणाऱ्याचे हात बघायच्या. मग म्हणायच्या, "हातमोज्यांचा एक डबा घ्या. तो संपेपर्यंत दुसरं काही घेऊ नका." विचारणारा हसायचा. बाई थट्टा करताहेत असं त्याला वाटायचं. विमलताईंना थट्टा जमत नसे.

'हे' म्हणजे रेझिनच्या दांड्या ओतायचं काम. बोटभर जाड आणि वीतभर लांब, रंगीत, काचेसारखी दिसणारी दांडी. ती लेथच्या फिरत्या यंत्रावर लावून कातली की तिचं पेन होतं. पेन करणारी माणसं त्या दांडीला ब्लँक म्हणतात. हा छंद विमलताईंना अठ्ठावन्नाव्या वर्षी लागला. तोवर त्यांना कसला छंद असल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

त्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत असिस्टंट होत्या, मी त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात. राहायलाही इंदिरानगरात एकाच इमारतीत, त्या दुसऱ्या मजल्यावर आणि मी तिसऱ्या. त्यांनी लग्न केलं नव्हतं. सटाण्याजवळच्या खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी नोकरीसाठी नाशिकला आल्या त्या इथेच राहिल्या. गावी धाकटा भाऊ, दगाभाऊ. त्याचं शिक्षण, लग्न, विहीर, सगळं यांच्या पगारातून झालं होतं, पण ते त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. दर दिवाळीला म्हणायच्या, "आता रिटायर झाले की गावीच जाणार, ज्योती. इथे काय ठेवलंय माझं?" मग भाऊबीज करून चौथ्या दिवशी परत यायच्या.

प्रयोगशाळेत मुलं प्राध्यापकांपेक्षा त्यांना घाबरत. त्या आवाज चढवत नसत. कोणी घाईघाईने काही ओतताना दिसलं की शेजारी जाऊन उभ्या राहायच्या आणि हळू आवाजात म्हणायच्या, "घाई असेल तर उद्या ये." एवढंच. मुलगा निमूट भांडं खाली ठेवायचा. हे वाक्य मी त्यांना भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला आणि एकदा प्राचार्यांनाही म्हणताना ऐकलंय.

निरोपाच्या दिवशी आम्ही त्यांना हाताने बनवलेलं एक पेन दिलं. निळं-हिरवं, आत धुरासारख्या रेषा असलेलं. इतर लोक पेन मिळालं की सही करून बघतात. त्यांनी टोपण काढलंच नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्या नळीकडे बघत बसल्या. भाषणं चालू होती. मध्येच माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "हा रंग घट्ट होत असताना हलला असणार. कोणी केलंय हे?"

केलं होतं रफिकभाईंनी. अंबडच्या एका कारखान्यात तीस वर्षं टर्नर होते. निवृत्तीनंतर घराच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुना लेथ टाकून पेनं करत. विमलताई पुढच्याच आठवड्यात मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या. त्यांनी पेनाबद्दल चकार शब्द विचारला नाही. "ही दांडी तुम्ही ओतता का?"

"नाही हो मॅडम," रफिकभाई म्हणाले. "आपलं काम फक्त कातायचं. दांड्या बाहेरून मागवतो. महाग पडतात, आणि हवा तो रंग कधी येत नाही. इथं कोणी ओतत नाही. लय किचकट काम हाय ते."

"किचकट म्हणजे काय?"

"दोन औषधं वजन करून मिसळायची. माप जरा हललं की दांडी चिकट राहते. आणि बुडबुडे. बुडबुडे तर विचारू नका."

वजन करून मिसळायचं हे ऐकल्यावर विमलताईंच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी निरोप समारंभात पाहिलं नव्हतं. परत येताना रिक्षातून उतरताना म्हणाल्या, "मला आजवर वाटत होतं, आपल्याला येतं ते आता कोणाच्या कामाचं नाही."

सुरुवात एका किलो रेझिनने झाली. हजार-बाराशेचं ते, सोबत ते घट्ट करणाऱ्या हार्डनरची बाटली. वजनकाटा त्यांच्याकडे होता. साचा म्हणून नळाच्या पाइपचा तुकडा, एका तोंडाला चिकटपट्टी. बाल्कनीला त्यांनी काच बसवून घेतली, पंखा लावला, दाराला कागद चिकटवला: आत येऊ नये. पहिल्या वेळी उरलेलं मिश्रण त्यांनी एका मोठ्या कपात तसंच ठेवलं. अर्ध्या तासाने त्यातून धूर यायला लागला. मी ओरडत धावले. विमलताई शांतपणे खुर्चीवर बसून त्या कपाकडे बघत होत्या, हातात वही. "जास्त एकत्र ठेवलं की स्वतःच तापतं," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "छान. कळलं."

तीन महिने एकही धड दांडी निघाली नाही. थंडीत ती घट्टच होईना, म्हणून त्यांनी खोक्यात बल्ब लावून साचा उबेला ठेवला. घट्ट झाली तेव्हा आत बुडबुडे. रफिकभाईंनी ती लेथला लावली की बुडबुड्याच्या जागी खड्डा पडायचा आणि दांडी तडकायची. आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांना यात धंदा दिसला. ते एकदा वर येऊन म्हणाले, "ताई, एकूण भांडवल किती लागेल? वाया जाणारं किती धरायचं?"

"पहिल्या वर्षी सगळं," विमलताई म्हणाल्या.

ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

बुडबुडे घालवायचे तर साचा दाबाखाली ठेवावा लागतो. त्यासाठी रंगकामवाल्यांची लोखंडी टाकी लागते, घट्ट झाकणाची, आणि तिच्यात हवा भरायला कॉम्प्रेसर. नवीन घ्यायची तर निवृत्तीच्या पैशाला हात लावावा लागला असता. रफिकभाईंनी नाशिकच्याच द्वारका चौकात एका गॅरेजवाल्याकडे जुनी टाकी पाहिली होती. आम्ही तिघं गेलो. गॅरेजवाला तरुण होता. वाहनांच्या गोंगाटात तो ओरडून म्हणाला, "मावशी, काय रंगवायचंय? माणूस पाठवतो ना."

विमलताई उकिडव्या बसून झाकणाचे स्क्रू एकेक करून बघत होत्या. "सहा आहेत. हा एक नंतर बसवलाय. का?"

"पडला असेल जुना."

"पडला की उडाला?"

विमलताई उठल्या. "दोन दिवसांनी येते. सहाही एकसारखे बसवून ठेवा."

दोन दिवसांनी गेल्या तर तीनच बदललेले. पुन्हा परत. तिसऱ्या वेळी टाकी मिळाली. ती घरी आणल्यावरही त्यांनी लगेच वापरली नाही. गच्चीत नेऊन काठोकाठ पाण्याने भरली. हवा भरलेली टाकी फुटली तर तिचे तुकडे माणसाला मारतात, पाण्याने भरलेली फुटली तर फक्त पाणी सांडतं, हे त्यांनी मला शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं. मग कॉम्प्रेसर सुरू करून आम्ही इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे लपलो. साठीच्या आसपासचे दोघं आणि पन्नाशीची मी. काटा चढत गेला. झाकणाच्या कडेतून एक बारीक कारंजं उडालं आणि रफिकभाईंचा सदरा भिजला. विमलताई तोंडावर पदर धरून हसत होत्या. त्यांना एवढं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

झाकणाला नवं रबर बसवलं. त्या टाकीतून निघालेली पहिली दांडी अगदी साधी होती, रंग न घातलेली. आरपार दिसत होतं. आत एकही बुडबुडा नाही. त्यांनी ती आठवडाभर स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली.

दांडीत कांद्याचे पापुद्रे घालायची कल्पना कुठून आली ते मला ठाऊक नाही. एका रविवारी त्या दगाभाऊंशी फोनवर बोलत होत्या, मी समोरच बसले होते. भावाशी बोलताना त्यांची भाषा पार बदलायची.

"आक्का, तठे कांदा नही भेटस का?" दगाभाऊंचा आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"भेटस. पण तो रंग नही भेटस."

चार दिवसांनी एसटीच्या टपावरून एक पोतं आलं. आत नुसती टरफलं, गावच्या कांदे साठवायच्या चाळीत झडलेली. विमलताईंनी पोत्याचं तोंड सोडलं आणि आत हात घालून तशाच बसून राहिल्या. चाळीतल्या कांद्याचा कोरडा, धुळकट वास घरभर पसरला. "लहानपणी आम्ही चाळीत झोपाळा बांधायचो," त्या म्हणाल्या. "दुपारी फटींतून ऊन आत यायचं आणि सगळे पापुद्रे तांबडे व्हायचे. तेवढाच वेळ. मग नुसता कांदा." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पापुद्रे तसेच घातले तर ओल राहून दांडी खराब होते. त्यांनी ते दोन आठवडे वाळवले, चाळले, निवडले, एकेकाला पातळ रेझिन लावून पुन्हा वाळवले आणि मग साच्यात एकावर एक रचले. रफिकभाईंनी दांडी लेथवर चढवली तेव्हा विमलताई शेडच्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. "तुम्ही कातून घ्या. मला आवाज ऐकवत नाही." वीस मिनिटांनी रफिकभाई बाहेर आले. पेनाची नळी त्यांच्या तळहातावर होती. तांबूस, सोनेरी, आत पदर पदर, जणू आत कुठेतरी उजेड लावलाय.

"मॅडम," ते म्हणाले, "हे मी विकणार नाही."

ते पेन त्यांनी खरंच विकलं नाही. पण त्याचे फोटो फिरले, आणि लोक रफिकभाईंकडे कांद्याचं पेन मागू लागले. विमलताई महिन्याला सात-आठच दांड्या ओतत. जास्त करा म्हटलं की घाईचं ते ठरलेलं वाक्य ऐकायला मिळे. त्या दोन वर्षांत त्या चालताना सुद्धा वेगळ्या दिसत. कोपऱ्यावरच्या दुकानात चुंबळीसारखं गुंडाळलेलं काही दिसलं, कापसाच्या गाठीत रंग दिसला, की थांबायच्या. गावी जायचं बोलणंही बंद झालं होतं.

मग येवल्याची शुभांगी आली. पस्तिशीची, शाळेत शिक्षिका. तिची आई पैठणी विणायची. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी विणल्या, स्वतःसाठी एकच. आई गेल्यावर ती पैठणी ट्रंकेतून काढली तर घडीवर चिरलेली. शुभांगी म्हणाली, "आम्ही दोघी बहिणी. नेसता तर येणार नाही. पदराची दोन पेनं करून द्याल का? रोज हातात राहील."

विमलताईंनी पैठणी हातात घेतली आणि परत तिच्या मांडीवर ठेवली. "नाही. हे एकदा कापलं की कापलं. माझ्याकडून बिघडलं तर मी तुला दुसरं कुठून आणून देऊ?"

"घरी ठेवली तरी चिरतच जाणार आहे ती," शुभांगी म्हणाली.

त्या तीनदा नाही म्हणाल्या. चौथ्या वेळी शुभांगीने स्वतःच घरून दोन तुकडे कापून आणले. वीतभर पदर, त्यावर एकेक पोपट. आता नाही म्हणायला जागा नव्हती.

काम असं होतं: पितळेच्या बारीक नळीवर रेझिन लावायचं, त्यावर तो तुकडा गुंडाळायचा, दोन्ही कडा नेमक्या जुळवायच्या आणि मग सभोवार पारदर्शक रेझिन ओतायचं. नवी टरफलं मागवता येतात. इथे चुकायची सोय नव्हती. हातमोज्याच्या रबराला पदराची जर अडकायची, तंतू ओढला जायचा, पोपटाची चोच तिरकी व्हायची. मी दाराच्या काचेतून बघत होते. विमलताईंनी एकदा, दोनदा, तीनदा प्रयत्न केला. मग थांबल्या. हातमोजे काढले, घडी करून बाजूला ठेवले आणि उघड्या बोटांनी तो ओला तुकडा नळीवर फिरवायला लागल्या.

मी काचेवर टकटक केली. त्यांनी मान वर केली नाही.

तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी रफिकभाईंनी दोन्ही दांड्या कातल्या. कापडाला धक्का न लागता, अगदी केसभर वरून. शुभांगीने पेन हातात घेतलं, पोपटावरून अंगठा फिरवला. मग विमलताईंना वाकून नमस्कार करायला गेली तर त्यांनी हात मागे घेतले. बोटांवर लाल चट्टे उठले होते.

आधी त्यांनी ते साबणाचं समजून सोडून दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा दांड्या ओतल्या, या वेळी दुहेरी हातमोजे घालून. संध्याकाळी त्यांचे डोळे सुजून बंद झाले. मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मावशी, शरीराने एकदा याला शत्रू म्हणून ओळखलं की ते विसरत नाही. आता नुसत्या वासानेही होईल. बंद करावं लागेल."

"किती दिवस?"

"कायमचं."

विमलताईंनी मान हलवली. बाहेर आल्यावर औषधाच्या दुकानात सुट्टे पैसे नीट मोजून दिले. जिन्यात मात्र पहिल्या मजल्यावर थांबल्या. कठड्याला धरून म्हणाल्या, "इतकी वर्षं मुलांना सांगितलं, मोजे काढू नका. आणि ज्योती, खरं सांगते, आत्ता तो पदर पुन्हा समोर आला तरी मी काढीन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तू शिकशील? मी काचेबाहेरून सांगेन. तू फक्त हात हो."

माझ्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. मी म्हटलं, "लग्न होऊ दे, मग बघू." त्या लगेच म्हणाल्या, "हो, हो. आधी ते." चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. लग्न झालं, पाहुणे गेले, दिवाळी गेली. मी विषय काढला नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. मला आज त्या दोन-तीन महिन्यांतला एकेक रिकामा तास दिसतो. मी टीव्ही बघत बसले होते ती दुपार दिसते. खाली दुसऱ्या मजल्यावर त्या बंद काचेसमोर बसलेल्या असायच्या.

शेवटी त्यांनी रफिकभाईंना बोलावून टाकी, कॉम्प्रेसर, साचे, काटा सगळं नेऊ दिलं. रफिकभाई नको म्हणत होते. "मॅडम, माझा हात कातायचा. मला हे माप नाही जमत."

"वही देते आहे ना," विमलताई म्हणाल्या. चार वह्या होत्या. कोणत्या दिवशी हवा किती गरम, कोणता रंग किती, कुठे चुकलं. सामान रिक्षात चढत होतं तेव्हा त्या तोंडाला रुमाल बांधून लांब फाटकापाशी उभ्या होत्या. रफिकभाई अजून दांड्या ओततात. बुडबुडे येतात. ते म्हणतात, वही वाचली की मॅडम रागावल्यासारखं वाटतं, म्हणून हळू ढवळतो.

त्या उन्हाळ्यात विमलताई गावी गेल्या. फ्लॅट भाड्याने दिला. आता तिथे एक तरुण जोडपं राहतं, बाल्कनीत वॉशिंग मशीन आहे. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर माझी पावलं अजून आपोआप हळू होतात. त्या रेझिनचा गोडसर वास कधी काळी माझं डोकं दुखवायचा. आता तो कुठे येतो का म्हणून मी दारापाशी क्षणभर थांबते. डिटर्जंटचा वास येतो.

जानेवारीत मी त्यांना भेटायला गेले. दगाभाऊंनी त्यांना रस्त्याकडची खोली दिली होती. बोटं बरी झाली होती, चेहरा उन्हाने रापला होता. भाचीला त्या रसायनशास्त्र शिकवत होत्या. जेवताना मी धीर करून म्हटलं, "विमलताई, मी तेव्हा हो म्हणायला हवं होतं."

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "तुला आवडत नव्हतं ते. नावडत्या कामात तुझ्या हातून बुडबुडे राहिले असते, आणि मी बाहेरून चिडले असते. आपलं बोलणं तुटलं असतं." मग थोड्या वेळाने, "मला फक्त संध्याकाळी कठीण जातं. हात काहीतरी शोधतात."

त्यानंतर चार महिन्यांनी दगाभाऊंचा फोन आला. सकाळी ओसरीवर चहा पिता पिता गेल्या. कप हातातच होता म्हणे, सांडला नव्हता.

पण मला त्या आठवतात त्या जानेवारीतल्या. मला सोडायला फाट्यापर्यंत आल्या. एसटी आली, मी खिडकीशी बसले, त्यांनी हात हलवला आणि वळून चालू लागल्या. पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, त्यामुळे गाडी तिथेच अडकली. हे त्यांना माहीत नव्हतं. मी मागच्या काचेतून बघत राहिले. दहा-बारा पावलं गेल्यावर त्या रस्त्याच्या कडेला वाकल्या. मातीतून काहीतरी उचललं, पदराने पुसलं. कुठल्याशा ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्याची फुटलेली लाल काच असावी. एक डोळा मिटून त्यांनी ती मावळत्या उन्हासमोर धरली, थोडी तिरकी केली, पुन्हा सरळ केली. त्यांच्या गालावर लाल उजेड पडला होता. मागून एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत होता, पण त्या बाजूला झाल्या नाहीत. माझी गाडी हलली तेव्हाही त्या तशाच उभ्या होत्या.